पुण्याचे मालक, ब्लॅकबर्नचं तिकीट आणि रुसलेले आजोबा

पत्र थोडक्यात असं आहे:

"काका, नमस्कार. मी कोथरूडचा. चार वर्षं झाली, नोकरीसाठी बायको-मुलासोबत इंग्लंडला ब्लॅकबर्नमध्ये राहतोय. शेजारी एक आजोबा आहेत, पंचाहत्तरीचे, एकटेच. सुरुवातीपासून खूप जीव लावला त्यांनी, आमच्याकडे चहाला यायचे, माझ्या पोराला बागेत बॉल कसा थांबवायचा ते शिकवायचे. ते ब्लॅकबर्न रोव्हर्सचे जन्माचे फॅन, पण गेली कित्येक वर्षं स्टेडियममध्ये पाय ठेवत नाहीत, कारण क्लब आपल्या पुण्याच्या चिकनवाल्या वेंकीजचा आहे आणि 'माझी एक पेनी त्यांना जाणार नाही' असं त्यांनी ठरवलंय. गेल्या सीझनला मी माझं आणि पोराचं (वय ९) सीझन तिकीट काढलं. पोरगं जाम खूश. आजोबांना कळलं आणि चहाला यायचे बंद झाले. एकदा फाटकाशी भेटले तर म्हणाले, तुझ्या गावच्या लोकांनी आमचा क्लब खाल्ला आणि तू वर त्यांनाच पैसे देतोयस. आता रिन्यू करायची तारीख आलीये. करू का नको? पुण्याचा म्हणून मला शरम वाटायला पाहिजे का? आणि तिसरं म्हणजे पोराला आता मँचेस्टर सिटीचा शर्ट पाहिजे, वर्गात अर्ध्या पोरांकडे आहे म्हणतो. तो घ्यायचा का? – एक वैतागलेला पुणेकर."

भावा, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, कारण पुणेकर जगात कुठंही गेला तरी शेजाऱ्याशी वाद होतोच, पण यावेळी चूक तुझी नाही हे पहिल्यांदाच बघतोय. (मी मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळं एवढं बोलायचा हक्क आहे.) दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र त्या आजोबांचं वाईट वाटलं. पंचाहत्तर वर्षांचा एकटा माणूस, घराजवळ स्टेडियम, शनिवारी दुपारी गर्दीचा आवाज घरापर्यंत येत असणार, आणि हा माणूस खिडकी लावून बसणार. हे काय सोपं नाही.

आधी आजोबांची बाजू नीट समजून घे, कारण तू तिथं पोचलास तेव्हा गोष्ट निम्मी होऊन गेली होती.

ब्लॅकबर्न म्हणजे आपल्या इचलकरंजीसारखं गाव समज, सुताचं आणि मागांचं, पण वस्तीनं निम्म्यापेक्षाही लहान. रोव्हर्स क्लब १८७५ चा, आणि १८८८ ला जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या १२ क्लबांतला एक. पुढं गिरण्या बसल्या, क्लबही बसला, कितीतरी वर्षं वरच्या डिव्हिजनचं तोंड बघितलं नाही. मग आला जॅक वॉकर. हा गावातलाच, वडिलांच्या छोट्या पत्र्याच्या धंद्यातून भावाबरोबर स्टीलचा मोठा कारभार उभा केला, तो १९८९ ला ब्रिटिश स्टीलला ३३ कोटी पौंडांना विकला आणि १९९१ पासून क्लब हातात घेऊन त्यात पैसा ओतायला सुरुवात केली. केनी डॅल्ग्लिश मॅनेजर आणला, ॲलन शिअरर आणला, स्टेडियमच्या तीन बाजू पाडून नव्या बांधल्या. १४ मे १९९५ ला शेवटच्या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलकडून २-१ हरले, पण तिकडं लंडनमध्ये पाठलागावर असलेल्या मँचेस्टर युनायटेडला वेस्टहॅमनं १-१ वर अडवलं, आणि हरलेली टीम इंग्लंडची चॅम्पियन झाली. एवढ्याशा गावाची. तू आजोबांना त्या दिवसाबद्दल कधी विचारलंयस का? विचारलं नसशील तर चार वर्षं तुम्ही नुसता चहाच प्यायलात.

आता हे लक्षात घे की तेव्हाही बाकीचे लोक म्हणायचे, ह्यांनी लीग विकत घेतली. आणि ते फार खोटं पण नव्हतं. म्हणजे 'पूर्वी फुटबॉल कसं साधं गरिबांचं होतं आणि मग पैसा आला आणि सगळं नासलं' ही जी कॅसेट लोक वाजवतात ना, ती आजोबांनी तुझ्यापुढं वाजवली तर त्यांना हळूच आठवण कर की त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस एका श्रीमंत माणसाच्या पैशानंच आणला होता. पण हळूच हं. कारण त्यांचा मुद्दा वेगळा आहे आणि तो बरोबर आहे. वॉकर गावातला होता. लहानपणापासून त्याच टीमसाठी ओरडलेला. राहायला नंतर जर्सी बेटावर गेला तरी टीम हरली तर त्याचंही जेवण कडू व्हायचं. २००० साली तो वारला. पैसेवाला मालक ब्लॅकबर्नला नवीन नव्हता रे, सात हजार किलोमीटरपेक्षाही लांबचा नवीन होता.

नोव्हेंबर २०१० मध्ये वेंकीजनी २ कोटी ३० लाख पौंडांना क्लब घेतला. तेव्हा आमच्याकडं पुण्यात काय कौतुक! चिकनवाले आता प्रीमियर लीगमध्ये, पेपरला फोटो, रोनाल्डिन्होला आणणार म्हणून चर्चा. महिन्याभरात मॅनेजर सॅम अलर्डाइसला काढलं, टीम १३ व्या नंबरवर असताना, आणि त्याच्या जागी स्टीव्ह कीन नावाचा कोच बसवला ज्यानं आधी मॅनेजर म्हणून कुठं काम केलेलं नव्हतं. मग ती जाहिरात आली ज्यात रोव्हर्सचे प्लेयर मॅचच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकन हाणतायत. ऑक्टोबर २०११ मध्ये तर टीम प्रीमियर लीगच्या तळाजवळ असताना सीझनच्या मधेच विमानात घालून पुण्याला आणली, बालेवाडीला पुणे एफसीशी फ्रेंडली खेळायला. मी गेलो होतो. खरं सांगतो, मजा आली, प्रीमियर लीगमधली टीम एवढ्या जवळून कुठं बघायला मिळते, मी तर शिट्ट्या मारल्या. तिकडं ब्लॅकबर्नमध्ये माणसं त्याच आठवड्यात चिडून लाल झाली होती हे माझ्या गावीही नव्हतं. दोन गावांत एकाच मॅचचे दोन अर्थ, आणि मधे मालक.

पुढच्या मे महिन्यात विगनविरुद्धच्या मॅचला कुणीतरी रोव्हर्सचं निशाण गुंडाळून जिवंत कोंबडी मैदानात सोडली, ती फोटोत जगभर गेली, मॅच ०-१ हरली आणि क्लब खालच्या डिव्हिजनला घसरला. त्यानंतरच्या सीझनला हेनिंग बर्ग ५७ दिवस मॅनेजर आणि मायकेल ॲपलटन ६७ दिवस. आमच्याकडं भाडेकरू पण ह्यापेक्षा जास्त टिकतात. २०१७ मध्ये तिसऱ्या डिव्हिजनला गेले, प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबांपैकी इतकं खाली जाणारा हा पहिलाच. एका वर्षात परत वर आले, ते एक बरं झालं.

पण आता दुसरी बाजू पण ऐक, कारण तू सल्ला मागितलायस, आजोबांची वकिली नाही. ह्या मालकांनी क्लबमधून पैसा उपसून नेला असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. उलट दरवर्षी तोटा भरून काढायला पुण्याहून कोट्यवधी पौंड गेलेत. तुम्ही आहात त्या चॅम्पियनशिप डिव्हिजनमध्ये हा रोगच आहे, वर प्रीमियर लीगमध्ये टीव्हीचा पैसा एवढा आहे (२०१६ ते २०१९ ह्या तीन सीझनचे नुसते इंग्लंडमधले हक्क ५ अब्ज पौंडांच्या वर गेले होते) की खालचे सगळे क्लब वर जायच्या आशेनं ऐपतीबाहेर पगार वाटतात, आणि मग कुणीतरी खिशातून भरायला लागतं. म्हणजे हत्ती पोसायचा, आणि हत्ती राहतो लँकाशायरला, म्हणजे तुमच्याकडं. बरं, मधे तर भारतात परदेशी पैसे पाठवायच्या नियमांवरून ईडीची चौकशी लागली, तेव्हा इकडून क्लबला पैसे पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी घ्यावी लागली. विचार कर, नवा प्लेयर घ्यायचा का नाही हे दिल्लीतल्या तारखेवर! फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲडम व्हॉर्टन, ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेलं पोरगं, क्लबच्याच ॲकॅडमीत वाढलेलं, क्रिस्टल पॅलेसला विकला आणि पाच महिन्यांत तो युरो कपसाठी इंग्लंडच्या टीममध्ये होता. आजोबांनी त्याला स्टेडियममध्ये खेळताना बघितलं नसणार. हे त्यांना लागत असेल, विचारू नकोस.

मग बहिष्कार बरोबर का चूक?

तुझ्या घरापासून तासाभराच्या ड्राइव्हमध्ये मालकांचं अख्खं प्रदर्शन भरलेलं आहे, ते एकदा बघ म्हणजे तुला तुझ्या तिकिटाची किंमत कळेल. मँचेस्टर युनायटेड घे. ग्लेझर कुटुंबानं २००५ मध्ये ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, त्यातले निम्म्याहून जास्त उसने, आणि ते कर्ज चढवलं कुणाच्या डोक्यावर, तर क्लबच्याच. म्हणजे मी तुझं घर घेणार, माझ्यासाठी हप्ते तुझ्या घरानं भरायचे. आयजीच्या जिवावर बायजी उदार. कर्जाशिवाय चालणारा क्लब होता तो. काही फॅन्स एवढे चिडले की त्याच वर्षी त्यांनी स्वतःचा वेगळा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, एक मेंबर एक मत. बाकीचे आत बसून शिव्या देत राहिले आणि तिकीट काढत राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये तर सीझनच्या मधेच उरलेल्या तिकिटांचा एकच रेट केला, ६६ पौंड, पोरांना आणि म्हाताऱ्यांना सवलत नव्हती. तुझ्या पोराचे पण ६६ झाले असते आणि शेजारच्या आजोबांचे पण ६६. आणि त्याच वर्षी मे महिन्यात पाऊस पडला तर छपरातून धबधबा.

ब्लॅकपूल घे. तुझ्याकडून पश्चिमेला, समुद्राकाठी. तिथले मालक ऑयस्टन. क्लब २०१०-११ ला एक वर्ष प्रीमियर लीगमध्ये जाऊन आला, टीव्हीचा पैसा धो धो आला, आणि तो टीमला लागायच्या ऐवजी मालकांच्या कंपन्यांकडं वळला. हे मी म्हणत नाही, २०१७ ला लंडनच्या हायकोर्टानं म्हटलं की क्लबमधून गैररीतीनं पैसा काढून घेतला गेला. फॅन्सनी ठरवलं, आता एक पेनी नाही. बाहेरगावच्या मॅचला जायचे, घरच्या मॅचला गेटबाहेर उभे राहायचे. बापानं पोराला सांगितलं, तुझ्या आयुष्यातली पहिली घरची मॅच आपण नंतर बघू. वर्षानुवर्षं. शेवटी फेब्रुवारी २०१९ मध्ये कोर्टानं क्लबवर माणूस नेमला, आणि ९ मार्चला साउथएंडविरुद्ध सगळे परत आत गेले, पंधरा हजारांवर माणसं, शेवटच्या मिनिटाला बरोबरीचा गोल झाला आणि लोक रडत होते. हा व्हिडिओ बघ, आजोबांबरोबर बघितलास तर अजून चांगलं.

आता फरक बघ. ब्लॅकपूलला मालक घेत होता, म्हणून तिकिटाचा पैसा थांबवला की त्याला झोंबायचा. ब्लॅकबर्नला मालक देतोय. तिथं तुम्ही तिकीट नाही घेतलं तर मालकाचं काही अडत नाही, क्लबचं अडतं, आणि क्लब मालकाच्या खिशावर अजूनच जास्त अवलंबून राहतो. ३१ हजारांच्या स्टेडियममध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि पुण्यात त्याचा आवाज येत नाही. म्हणून हिशोबानं बघितलं तर आजोबांचा बहिष्कार चुकलेला आहे. पण भावा, आजोबा हिशोब करतच नाहीयेत! तो रुसवा आहे. साठ वर्षांच्या संसारातला रुसवा. त्याला एक्सेल शीट दाखवून उपयोग नाही, आणि कृपा करून तू पुणेकरी युक्तिवाद करायला जाऊ नकोस.

आणि बरी नावाचं गाव. तुझ्या दक्षिणेला. १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप ही इंग्लंडची जुनी मानाची स्पर्धा जिंकलेला, १९०३ ची फायनल ६-०. डिसेंबर २०१८ मध्ये एका माणसानं तो एक पौंडाला घेतला. एक पौंड! वडापाव पण येत नाही तिकडं एक पौंडाला. आठ महिन्यांनी, २७ ऑगस्ट २०१९ ला, कर्जं फेडायला पैसे कुठून येणार हे दाखवता आलं नाही म्हणून लीगनं क्लब हाकलला. १२५ वर्षांचं लीगमधलं नाव गेलं. शेवटच्या दिवसांत फॅन्स स्टेडियमची झाडलोट करायला जमले होते, बादल्या आणि झाडू घेऊन, पुढच्या मॅचसाठी खुर्च्या पुसत होते, आणि मॅच झालीच नाही. मालक पैसे घालेना आणि क्लब सोडेना, म्हणजे आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. आता फॅन्सनी एकत्र येऊन तो परत उभा केलाय, खालच्या लीगमध्ये, त्याच जुन्या गिग लेन ग्राउंडवर.

तर रिन्यू कर. माझं मत स्पष्ट आहे. पोरगं ९ वर्षांचं आहे, त्याचं हे वय परत येणार नाही आणि मालक कोण आहे हे त्यानं निवडलेलं नाही. पण नुसतं तिकीट काढून बसू नकोस, रोव्हर्स ट्रस्ट ह्या फॅन्सच्या संघटनेचा मेंबर हो, तिथं मीटिंगला जा, मागे बसून ऐक. एकटा माणूस तिकीट काढो नाहीतर न काढो, मालकाला ते कळत पण नाही, गठ्ठा झाला तर कळतं. लिव्हरपूलनं २०१६ मध्ये मेन स्टँडचं सगळ्यात महागडं तिकीट ७७ पौंड करायचं ठरवलं तेव्हा सुंदरलंडविरुद्ध २-० पुढं असताना ७७ व्या मिनिटाला दहाएक हजार लोक उठून चालायला लागले, मागं टीमनं दोन गोल खाल्ले आणि मॅच २-२ झाली. चार दिवसांत मालकांनी माफी मागून रेट मागं घेतला. तिकीट काढून आत गेले होते म्हणूनच उठून जाता आलं ना? आणि जुलै २०२५ पासून तिकडं कायदा झालाय, फुटबॉलसाठी वेगळा सरकारी रेग्युलेटर, मालक लायक आहे का हे बघणार, क्लबचा बिल्ला-रंग बदलायचे, स्टेडियम विकायचं तर फॅन्सना विचारायला लावणार. हे बरीसारख्या मेलेल्या क्लबांमुळं आणि २०२१ च्या त्या सुपर लीगच्या, म्हणजे बड्या क्लबांनी आपापली वेगळी लीग काढायच्या आगाऊपणामुळं झालं. सहा बड्या इंग्लिश क्लबांनी रविवारी रात्री जाहीर केलं आणि मंगळवारी रात्री शेपूट घातलं, कारण माणसं रस्त्यावर उतरली. कायद्यानं काय काय होईल ते दिसेलच, पण तुझ्यासारख्याला कुठं बोट ठेवायचं ते तरी माहीत हवं.

(जाता जाता एक गंमत. इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर लाइव्ह मॅच दाखवत नाहीत, लोकांनी ग्राउंडवर जावं म्हणून. हा नियम साठच्या दशकात आणायला लावला तो बर्नलीच्या चेअरमननं, बॉब लॉर्डनं, म्हणजे तुमच्या कट्टर शत्रूच्या गावच्या खाटकानं, खरोखरचा खाटीक होता तो. त्यामुळं तीन वाजताची प्रीमियर लीगची मॅच मी पुण्यात सोफ्यावर पाय पसरून रात्री साडेसात-साडेआठला बघतो आणि तिथला माणूस तिकीट परवडत नसेल तर रेडिओ ऐकतो. आम्ही बघतो म्हणून टीव्हीचा पैसा वाढतो, पैसा वाढतो म्हणून मालक येतात, मॅचच्या वेळा हलवतात, आणि शनिवार तीनची मॅच सोमवारी रात्री आठला जाते, जेव्हा परतीची ट्रेन नसते. म्हणजे त्यांच्या खिशाला लागलेल्या भोकात थोडा माझा पण हात आहे. हे मी बायकोला सांगितलं तर म्हणाली, मग बंद कर टीव्ही. विषय तिथंच संपला.)

आता शरम. कशाबद्दल? तुझं पुणं म्हणजे कोथरूड, त्यांचं पुणं वेगळं. तुला मालकाच्या घरातला कुत्रा पण ओळखत नाही. आणि श्रीमंत मालकानं हात झटकले की सामान्य फॅनचं काय होतं हे पुण्याच्या पोरांना माहीत आहे की! पुणे एफसी, ज्यांच्याशी रोव्हर्स बालेवाडीला खेळले, ती टीम काही वर्षांत बंद झाली. मग आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) एफसी पुणे सिटी आली, नारंगी शर्ट घालून ऑरेंज आर्मीची पोरं ढोल घेऊन बालेवाडीला जायची, आणि २०१९ मध्ये ती फ्रँचायझी उचलून हैदराबादला नेली. पोरांच्या कपाटात नारंगी शर्ट राहिले आणि शहरात टीम नाही. हे आजोबांना सांग. तुझ्या गावच्या लोकांनी आमचा क्लब खाल्ला म्हणतात ना, तर सांग की आमच्या गावचे पण दोन गेले, आणि रडायला साधी १८७५ ची पुण्याई पण नव्हती आमच्याकडं.

अजून एक सांग. त्यांच्या स्टेडियमच्या एका बाजूचं नाव डार्वेन एंड. डार्वेन म्हणजे शेजारचं गिरणगाव. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी तिथं गेले होते, आपल्या विदेशी कापडावरच्या बहिष्कारानं तिथल्या गिरण्यांची काय हालत झालीये ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. ज्या बायकांचं काम आपल्या बहिष्कारामुळं गेलं होतं त्याच बायका त्यांच्याभोवती जमून हात वर करून ओरडतायत, असा फोटो आहे. तेव्हा बहिष्कार म्हणजे काय हे ब्लॅकबर्नवाल्यांना आणि आपल्याला दोघांना चांगलं माहीत आहे, आणि शेजाऱ्यांनी त्यावरून चहा तोडायचा नसतो. मे २०२२ मध्ये रोव्हर्सच्या मैदानावर ईदची नमाज झाली होती, असं करणारा ब्रिटनमधला पहिलाच क्लब. म्हणजे तुझ्या रंगाचं, नावाचं तिथं कुणाला वावडं नाही, राग आहे तो उत्तर न देणाऱ्या मालकांचा. वर्षानुवर्षं मालक मैदानावर फारसे दिसले नाहीत, बोलले नाहीत. आजोबांना पैसा गेल्याचं नाही, आपल्याला कुणी मोजत नाही ह्याचं दुःख आहे, असं मला इतक्या लांबून वाटतंय, चुकत असेन तर सांग.

शर्ट. घे की बाबा. कोल्हापुरात आमचं सोपं होतं, ज्या पेठेत जन्मला त्या तालमीच्या फुटबॉल टीमचा, शाहू स्टेडियमच्या पायरीवर कुठं बसायचं ते पण आज्ज्यानं ठरवलेलं, पोराला चॉइसच नाही. आता तिथं पण परदेशी प्लेयर येतात, मोठे स्पॉन्सर आलेत, बोर्ड लागलेत, पण पायरी तीच आहे. तुझ्या पोराला पेठ नाही, त्याला वर्ग आहे, आणि वर्गात सगळे आकाशी निळे. २००८ ला अबू धाबीचा पैसा यायच्या आधी सिटी म्हणजे थट्टेचा विषय होता, १९९८-९९ ला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होते, तेव्हा कुणी शर्ट मागत नव्हतं. फक्त नवा घेऊ नकोस, दरवर्षी तीन-तीन शर्ट काढतात ही मंडळी, मागच्या वर्षीचा चॅरिटी शॉपमध्ये किंवा ऑनलाइन सेकंडहँड बघ. जर पोरगं खरंच दर पंधरा दिवसांनी तुझ्याबरोबर थंडीत बसून ०-० बघत असेल तर शर्टची चिंता तू करू नकोस, ते आधीच बिघडलंय.

राहिले आजोबा. त्यांना स्टेडियमला ये म्हणू नकोस, कधीच. त्यांचा नेम आहे तो, आपण उपासाच्या माणसाला आग्रह करतो का? एखाद्या शनिवारी रोव्हर्सची मॅच नसेल तेव्हा त्यांना आणि पोराला घेऊन बरीला जा, गिग लेनवर, खालच्या लीगची मॅच बघायला. तिकीट स्वस्त, मालक फॅन्सच, त्यांच्या तत्त्वात बसतं. थर्मॉसमध्ये आपला आल्याचा चहा ने. पोराला मधे बसव. गाडीत परत येताना १९९५ चा विषय काढ आणि गप्प बस.

आणि मग, दिवाळीत तू पुण्याला येशील तेव्हाचं एक काम सुचवतो. त्यांच्या फॅन्सनी मालकांना इंग्लिशमध्ये किती पत्रं, ईमेल, निवेदनं पाठवली असतील देव जाणे. पण पुण्यातल्या ऑफिसात स्वतः जाऊन मराठीत पत्र देऊन पोच घेणारा रोव्हर्सचा सीझन तिकीटवाला आजवर कुणी झाला असेल असं मला वाटत नाही. आजोबांनी सांगायचं, तुझ्या पोरानं लिहून घ्यायचं, देवनागरीत, स्वतःच्या अक्षरात, तशी पण त्याच्या मराठीची बोंबच असणार. एकच पान, शिव्या नाहीत, इतकी वर्षं कुठल्या सीटवर बसलो आणि कुठल्या दिवशी उठलो एवढंच. आजोबांना आवडतंय का बघ. फक्त आत्तापासून तयारीला लाग, कारण पोराला 'ब्लॅक'मधलं जोडाक्षर आणि 'बर्न' नि 'रोव्हर्स'चे रफार आधी गिरवून घ्यावे लागतील.